दादाच्या खांद्यावरची बॅग

नाही, नाही, बाबांना सांगायची काही गरज नाहीये, श्रिया — म्हणजे सांगितलंस तरी काय होणार आहे, पण गरज नाही. तू वाचलंस ना? वाचलंसच. वहिनी म्हणतेच, आमची पोरगी बोलत काही नाही पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. फोन मांडीवर उपडा ठेवायला हवा होता मी. 'तुमची ऑर्डर पोचली आहे' — आणि खाली फोटो, माझ्याच दाराचा, पायपुसण्यावर ठेवलेल्या खोक्याचा, आणि मेसेजच्या डोक्यावर दुकानाचं नाव तर एवढं मोठं की त्या पलीकडच्या बाकावरच्या आजींनाही कळावं. हो. काडतुसं आहेत. काडतुसं म्हणजे — बुलेट्स गं, रायफलच्या. इतकी दचकू नकोस. आमच्या टेक्ससमध्ये त्यात काही नाही. तुम्ही सिंगापूरची मुलं बंदी असलेल्या च्युइंगगमचं नाव काढलं तरी मागे वळून बघता, तुम्हाला काय सांगायचं! बस ना, उभी का राहिलीस? बाबा तिकडे रांगेत जागा धरून उभे आहेत, आई काउंटरवर पासपोर्ट घेऊन आहे, आणि आपल्याला सामान राखायला बसवलंय. राखू या. बाबा हात करतील तेव्हा उठायचं. बाताम बेटाची फेरीबोट काही आपल्याला सोडून जात नाही.

तर ऐक, उगीच मनात काहीतरी घेऊन बसू नकोस. ही साधी काडतुसं असतात. स्वस्तातली. खरी मंडळी पितळेची घेतात — बाहेरची पुंगळी पितळेची, चकचकीत, वापरून झाली की गोळा करून घरी नेतात, पुन्हा भरतात. मी घेतो ती स्टीलच्या पुंगळीची. राखाडी, वर लाखेसारखा थर दिलेला, दिसायला अगदी दरिद्री. एकदा उडवली की तिथेच टाकून द्यायची. पितळवाले नाक मुरडतात — तुझ्या रायफलचं वाटोळं होईल, धूर होतो, वास येतो. मी म्हणतो, होऊ दे. आपल्याकडे नाही का, पितळेची भांडी गेली आणि स्टीलची आली, म्हणून काय भात शिजायचा थांबला? आणि ऑनलाइन इतकं सोपं आहे की विचारू नकोस. लोक साड्या बघत बसतात, बूट बघत बसतात, तसं मी — म्हणजे रोज नाही — जेवण झालं की जरा बघतो. लोकांनी तारे दिलेले असतात, खाली मतं लिहिलेली असतात. 'घाण आहे पण फुटतं', असं एकाने लिहिलंय, त्याला पन्नास लोकांनी अंगठा दाखवलाय. आणि तुम्ही नुसतं बघून निघून गेलात तरी ते सोडत नाहीत, दुसऱ्या दिवशी मेल — तुमच्या टोपलीत काहीतरी राहिलंय. मग वाटतं, राहिलंय बिचारं. मग अजून एक खोकं घेतलं की घरपोच फुकट, म्हणून अजून एक. सही लागते घेताना, सज्ञान माणसाची, पण शेजारच्या मिसेस हॅरिसला मी सांगून ठेवलंय, ती सही करते आणि खोकं माझ्या दारात ठेवायला सांगते. तिला वाटतं पुस्तकं येतात माझी. तसं मी कधी म्हणालो नाही — तिनेच विचारलं, पुस्तकं का? मी हसलो फक्त.

काय? कोण म्हणालं रायफल विकली? बाबा म्हणाले?

हं. हो. विकलीच. म्हणजे विकायला काढलीये. काढणार आहे — जाहिरात लिहून ठेवलीये मी, फोटो तेवढा काढायचा राहिलाय. मग काडतुसं कशाला मागवली — हा प्रश्न बरोबर आहे, असं भुवया वर करून विचारलास तरी कळला मला. ते आधीचं होतं. आधीची ऑर्डर. तसं नाही… आधीची नाही. पण तू त्यात नको पडू. किती थंड ठेवतात हे लोक एसी! बाहेर भाजतंय आणि आत कुल्फी. तुझ्या आईने शाल दिली होती ती कुठे गेली? बॅगेत? राहू दे, राहू दे, बाबांना कशाला त्रास. हलली का रांग? हललीये थोडी. दादा बघ कसा उभा आहे — लहानपणापासून असाच. पिंपरीला रॉकेलच्या रांगेतही असाच उभा राहायचा, पुस्तक वाचत, आणि मी नळापाशी क्रिकेट. नंबर जवळ आला की हात करायचा. मी धावत जायचो आणि सगळ्यांना वाटायचं, दोघं भाऊ उभे होते तासभर.

दादाला वाटतं मी विकली. त्याने विचारलं, मी हो म्हणालो, आणि दादा दुसऱ्यांदा विचारणारा माणूस नाही. आणि मग त्याने काय करावं? तुझ्या काकूला फोन केला, न्यू जर्सीला. तुला काय सांगितलंय घरी, काकू नोकरीसाठी गेली? हो, नोकरी आहेच तिकडे. पण नोकरी ह्यूस्टनलाही होती ना, चांगली होती. आमच्या पोरीची, क्षिप्राची शाळा मधेच सोडवून कोणी जातं का? जाऊ दे. तर दादा तिला म्हणाला, भावना, सारंगने ती वस्तू विकलीये, मी स्वतः विचारलंय, माझा शब्द घे. वस्तू म्हणाला. त्याला रायफल हा शब्दसुद्धा तोंडात नको. आणि भावना — माझ्या शंभर मेसेजना उत्तर न देणारी भावना — दादाला म्हणाली, तुम्ही म्हणताय तर ठीक आहे. शाळा संपली की येतो आम्ही दोघी. पुढच्या महिन्यात येतायत. तिकिटं काढलीयेत. क्षिप्राने मला स्वतः पाठवलं, तिच्या खोलीला कुठला रंग हवाय ते. हिरवा. फिकट हिरवा, तुझ्या त्या पाण्याच्या बाटलीसारखा.

मग विकून टाका ना काका, असंच मनात आलं ना तुझ्या? सगळ्यांच्याच येतं. माझ्याही येतं. सोमवारी येतं, शनिवारी जातं. तुला सांगू का — तू कोणाला बोलत नाहीस म्हणून सांगतो — तिथे मला बरं वाटतं. त्या शूटिंग रेंजवर. मी काही शिकारी नाही, उंदीर मारला नाही कधी. कागदावर वर्तुळं असतात, त्यावर मारायचं. ऑफिसातला डग घेऊन गेला पहिल्यांदा. कानाला ते मोठे हेडफोन लावले की जग बंद. आणि कोणी काही विचारत नाही. आमच्या गावात मराठी मंडळ आहे, चांगली माणसं आहेत, मी नाही म्हणत नाही, पुरणपोळी वाढतात — पण पहिला प्रश्न, आडनाव? मग, मूळ गाव कुठलं? मग, अच्छा अच्छा. त्या अच्छा अच्छानंतर जो एक घोट पाण्याचा घेतात ना समोरचे, तो मला ऐकू येतो. भावनाला नाही येत म्हणे. तुझ्या बाबांना येतो, पण ते हसून मोकळे होतात, इथे तर त्यांचा विहार आहे, माणसं आहेत, त्यांच्या वन-नॉर्थच्या ऑफिसात पाच जण आहेत आपले. रेंजवर मी फक्त लेन नंबर चार. 'हाउडी, लेन फोर.' बस. आज सकाळी घरी वंदना घेतली आपण, वेसाकची, बुद्धपौर्णिमेची, तेव्हा पंचशीलाच्या पहिल्याच ओळीला, जीवहत्या न करण्याच्या, माझा आवाज गेला — ऐकलास तू, मी खोकलो ते. खोकला नव्हता तो. पण नंतर वाटलं, कागदच तर फाडतो मी. कागदाला काय जीव असतो? वहिनीने खीर वाढली, मी दोनदा घेतली.

आणि तिथेही काही सगळं गोड नसतं. हसशील तू. मागच्या महिन्यात डग म्हणाला, नवीन रेंज झालीये, बंदिस्त, एसी असलेली, चल. गेलो. तिथे नियम असा की आत जायच्या आधी तुमची काडतुसं तपासायची. लोहचुंबक लावून! तुमच्या शाळेत असतं ना प्रयोगशाळेत, तसंच, बोटाएवढं. पुंगळी स्टीलची असली तर ती चिकटणारच, पण पुढची गोळीच चिकटली तर मागच्या भिंतीला इजा होते, ठिणग्या उडतात, म्हणून चालत नाही. मला काय ठाऊक! स्वस्त मालाची गोळीही वरवरच तांब्याची असते, आत स्टीलच. तो काउंटरवरचा दाढीवाला माझ्या खोक्यातलं एक उचलतो, टोकाला चुंबक लावतो — टक्! असा आवाज झाला, सगळ्यांच्या देखत. डग तिथे, डगची बायको तिथे, मागे पाचसहा पितळवाले. 'सॉरी, बडी, नॉट हियर.' अगदी प्रेमाने म्हणाला, त्याचंच जास्त लागतं. फी भरली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करतात ना तसं झालं मला. कान लाल. खोकं मी तोवर बंद करून बॅगेत खुपसलं होतं, आणि तो चुंबकावरचं ते एक काढून माझ्या हातात देतोय, मागे लोक खोळंबलेत, मग मी ते एक असंच आपलं — पाठीच्या पट्ट्याखाली एक चोरकप्पा आहे, बारीक चेनचा, त्यात —

थांब.

एक मिनिट, श्रिया. बोलू नकोस. बोलत नाहीयेस, माहीत आहे, तरी.

ती बॅग कुठली? ती तीच बॅग. अगं, तीच. हिरवट, कप्प्याकप्प्यांची, दादाने परवा उचलून बघितली आणि म्हणाला, व्वा, किती कप्पे आहेत रे. दादाच्या खांद्यावर आहे ती. मीच दिली ना त्याला. धुतली होती मी. हाताने धुतली, साबण लावून, उन्हात वाळवली, मोठे कप्पे सगळे उलटे करून झटकले — आणि तो? त्या पट्ट्याखालचा? तो मी उघडला का? उघडला असेन. उघडलाच असेन की. नाही गं. नाही आठवत. हात तिथे गेल्याचंच आठवत नाही.

शांत. शांत राहू या. ओरडलो नाही ना मी? त्या आजी बघतायत. हसू या जरा. हे बघ, मी अमेरिकेहून निघालो तेव्हा ती बॅग मोठ्या सुटकेसमध्ये होती, भरलेली, आणि ती सुटकेस विमानाच्या पोटात. कुणी काही म्हणालं नाही. म्हणजे नसेलच. असतं तर दिसलं असतं त्यांना. किंवा दिसलं नाही. सगळ्यांना सगळं दिसतं असं थोडंच आहे, तिथे तर अर्ध्या गावाच्या खिशात असतं काहीतरी. पण इथे आत मशीन आहे ना, हातातलं सामान घालतात त्यात. आणि ही इथली माणसं — ती पडद्याकडे बघतात. खरंच बघतात. दादा म्हणतो ना, इथे ज्याला जे काम दिलंय तो ते करतो. दरवेळी कौतुकाने सांगतो.

रिकामी दिली असती तर बरं झालं असतं. कळतंय का तुला? दादाचा स्वभाव — रिकामी बॅग हातात पडली असती तर त्याने एकेक चेन उघडून बघितली असती, बोटं घालून, आणि घरातच सापडलं असतं ते, हॉलमध्ये. पण आमच्या आईने शिकवलेलं — रिकामं भांडं परत करू नये, रिकामी पिशवी कोणाच्या हातात देऊ नये, मूठभर साखर तरी घाल. म्हणून मी ठासून भरली. बदाम, पिस्ते, तुझी चॉकलेटं, वहिनीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, टॉवेल. दादाने वरचं काढून घेतलं आणि टॉवेल आहेत तसेच ठेवले, म्हणाला बातामला लागतील, आणि वहिनीने त्यावर तुमचे कपडे रचले. कोणी तळाला गेलंच नाही. माझ्या हाताने चांगुलपणाने बुजवलं मी ते.

बरं. बरं. काय करायचं? रांग केवढी आहे बघ, तू बघ, मला चष्म्यातून लांबचं — पिवळ्या टोप्यांची ती सहल, मग दोन बायका, मग दादा? इतका पुढे गेला? आत्ता तर खांबापाशी होता.

काय म्हणालीस? मोठ्याने बोल. 'जस्ट टेल बाबा, लाह.' हो, तुला सोपं आहे तुमचं ते सिंगापुरी 'लाह' लावून म्हणायला. सांगतो. जातो आणि सांगतो, दादा, तुझ्या पाठीवर एक काडतूस आहे. कुठून आलं? माझ्याकडून. तू तर विकलीस ना? आणि मग तो काय करेल माहीत आहे? ओरडणार नाही. तो रांगेतून बाहेर येईल, बॅग खाली ठेवेल, आणि भावनाला फोन करेल. आधी पोलिसांना, मग भावनाला. कारण शब्द दिलाय ना त्याने, चुकीचा शब्द दिला हे तो एक दिवस पोटात ठेवू शकणार नाही. आणि ती तिकिटं फाडेल. फोनवरच फाडतात हल्ली, एक बोट लावलं की झालं. फिकट हिरवा रंग मी आणून ठेवलाय गॅरेजमध्ये, डबे उघडलेसुद्धा नाहीत.

आणि नाही सांगितलं, तर — दादाच्या पाठीवर सापडेल. दादाच्या. नाव त्याचं, पाठ त्याची. तो म्हणेल मला माहीत नाही, आणि खरंच त्याला माहीत नसेल, पण असं तर सगळेच म्हणतात. इथे बंदुकीच्या बाबतीत ऐकून घेत नाहीत, मला माहीत आहे, इतकंही नाही मी वेडा. एकच आहे, जुनं आहे, चुकून राहिलं, हे सांगायला जागा मिळेलही, पण आधी घेऊन जातील. चौकशी. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे. बारा वर्षं एका ठिकाणी नोकरी, एक पार्किंगचा दंड नाही. वहिनीच्या हॉस्पिटलात, नोव्हेनात, कळेल. तुझ्या शाळेत कळेल.

ऐक, एक आहे. तू जा. तू. बाबांना म्हण, मला थंडी वाजतेय, शाल पाहिजे, बॅग द्या. शाल त्यातच आहे, खोटं नाही त्यात काही. बॅग घेऊन इकडे ये — नाही, इकडे नको, सरळ त्या बाजूच्या टॉयलेटमध्ये जा. लेडीजमध्ये. मला तिथे येता येत नाही, नाहीतर मीच — पट्ट्याखाली बारीक चेन आहे, काळी, बोट घातलंस की लागेल. नसेल तर प्रश्नच मिटला! हसत बाहेर ये. आणि असेल तर टिश्यूमध्ये गुंडाळ, आणि तिथे डबा असतो ना, त्यात — खाली ढकल, वर टिश्यू टाक. आपोआप काही फुटत नाही ते, घाबरू नकोस. तू लहान आहेस, शाळेतली मुलगी, चष्मा, वेणी, तुझ्याकडे कोण बघणार आहे? आणि बघितलंच तरी तुला कोण काय करणार? म्हणशील सापडलं. माहीत नाही कुणाचं. आणि बाबांना काही —

असं बघू नकोस.

श्रिया, बाळा, असं बघू नकोस माझ्याकडे. ओरड, रड, पण हे असं — क्षिप्राने असंच बघितलं होतं. धुण्याच्या मशीनमधून कपडे काढत होती ती, आणि माझ्या पॅंटच्या खिशातून एक निघालं, धुतलेलं, स्वच्छ. तिने तळहातावर धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणालो? म्हणालो, आईला सांगायची काही गरज नाहीये. म्हणजे हेच. हेच वाक्य. आणि तिने नाही सांगितलं. गुणी मुलगी. जेवायची बंद झाली, आईच्या खोलीत झोपायला जायची बंद झाली, विचारलं तर काही नाही काही नाही, पण सांगितलं नाही. भावनाने शेवटी तिच्या उशीखालून काढलं ते. मुलीच्या उशीखालून. तिला फेकायला जागाच सुचली नव्हती. भावना मला म्हणाली, सारंग, तुझी रायफल तू कपाटात ठेवलीस, कुलूप लावलंस, मी गप्प बसले. हिला तू कुठलं कुलूप लावलंस?

हे मी दादाला नाही सांगितलेलं. कोणालाच नाही. तुला का सांगतोय — तू काही बोलत नाहीस म्हणून. अरे देवा. तू काही बोलत नाहीस म्हणून.

आई तुला सारखी म्हणत असते ना, बोल गं काकांशी, बोल, दोन शब्द बोल. मला वाटायचं, कशाला बोलायला हवं, किती छान ऐकते पोर. माझ्यासारख्या माणसाला अशीच मुलं लागतात, न बोलणारी. दादाही तसाच. रांगेत उभा राहणारा. आज नळावर क्रिकेट नाहीये, एवढाच फरक.

पिवळ्या टोप्या गेल्या? गेल्या आत. वहिनी येतेय बघ काउंटरवरून, बोर्डिंग पास हातात, खिरीचा डबा तिने पोटाशी धरलाय — तो डबा उघडून बघतील हे तिला सकाळपासून सांगतोय आपण. ती दादाकडे निघालीये. आपल्याकडे बघतेय. हस. नाही, नको हसूस. राहू दे.

हात केला. दादाने हात केला, श्रिया. अजून दोनच माणसं. त्याला वाटतंय तो आपल्याला दिसला नाही, म्हणून पुन्हा करतोय, उंच करून, बॅगेच्या पट्ट्यातून हात काढून. मला दिसतोय रे. दिसतोय.

एक सेकंद. कमरेत धरलंय. सतरा तासांचं विमान होतं, दुसरं काय. उठतो. उठतोच आहे.

कुठे निघालीस? थांब. श्रिया, थांब! बस खाली. तू नाही जायचंस. मगाशी म्हणालो ते विसर, शाल नको, काही नको, तू त्या बॅगेला हात लावायचा नाहीस, ऐकतेस ना? तुझ्या बाबांना हे तुझ्या तोंडून कळायचं नाही. मी जातो. खरंच जातो, बघ, उभा आहे की नाही? तू सामानापाशी बस. आई आली की तिला धरून इथेच बसव, तिकडे धावू देऊ नकोस. पोलिसांनी तुला काही विचारलं तर जे ऐकलंस ते सगळं सांग, मिसेस हॅरिसच्या सहीपर्यंत सगळं, काकांची लाज बाळगू नकोस. इंग्लिशमध्ये सांग, तुला इंग्लिशमध्ये नीट बोलता येतं. आणि क्षिप्राला — नाही, तिला मी स्वतः फोन करीन. फोन देतात ना करायला? देत असतील.

एक्स्क्यूज मी — सॉरी, सॉरी — जाऊ द्या जरा, माझा भाऊ आहे पुढे — दादा! दादा, आत जाऊ नको! वहिनी, तुम्ही थांबा तिथेच. नाही, पासपोर्टचं काही नाही. बॅग काढ. हळू. खाली ठेव जमिनीवर आणि तू इकडे ये, माझ्याकडे ये. दादा, विचारू नको रे, एकदा तरी न विचारता — नाही, विचार. विचार, सांगतो. विकली नाही मी. इकडे ये आधी. सर! ऑफिसर! हियर, प्लीज — दॅट बॅग —